लग्न, स्वातंत्र्य आणि अभिजात लघुकथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या लघुकथा गटाने वाचायला घेतल्या की लग्नाचा विषय निघतोच, आणि तो निघाला की ठरावीक प्रश्नही येतात. काही प्रश्न कुतूहलातून येतात, तर काही रागातून. इथे त्यांची उत्तरं एकत्र दिली आहेत. बहुतेक उत्तरांत कथांचे शेवट सांगितलेले आहेत. कोरी कथा वाचायची असेल तर आधी अगदी शेवटचा प्रश्न बघा, कथा वाचा आणि मग परत या.

नेमक्या कोणत्या कथांबद्दल आपण बोलतोय?

साधारण १८८० ते १९३० या काळातल्या. मोपासाँ, चेकॉव्ह, केट शोपॅन, शार्लट पर्किन्स गिलमन, मेरी विल्किन्स फ्रीमन, रवींद्रनाथ ठाकूर, हिगुची इचियो, जेम्स जॉइस, सुझन ग्लास्पेल, लू शुन, झोरा नील हर्स्टन ही त्यातली मोठी नावं. देश आणि भाषा वेगळ्या, तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. मासिकं वाढली होती, ती वाचणाऱ्या बायका वाढल्या होत्या आणि लग्नाचे कायदे पहिल्यांदाच हलायला लागले होते. त्यामुळे घरात जे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं ते कथेत छापून येऊ लागलं.

त्या काळी लग्न झालेल्या बाईच्या हातात कायद्याने काय होतं?

फार थोडं, आणि ते देशागणिक वेगळं. इंग्लंडमध्ये १८७० पर्यंत विवाहित बाईची मजुरीसुद्धा नवऱ्याची समजली जाई. १८७० च्या कायद्याने तिची कमाई तिची झाली आणि १८८२ च्या कायद्याने तिला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता आली. फ्रान्समध्ये बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं असं १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेत सरळ लिहिलेलं होतं. तिथे १८१६ मध्ये बंद झालेला घटस्फोट १८८४ मध्ये परत आला. विवाहितेला स्वतःच्या पगारावर हक्क मिळायला मात्र १९०७ उजाडावं लागलं.

रशियातली गोष्ट उलटी होती. तिथल्या विवाहित स्त्रीला अठराव्या शतकापासून स्वतःची मालमत्ता बाळगता येत होती, पण नवऱ्यापासून वेगळं राहायचं तर लागणारा स्वतंत्र पासपोर्ट त्याच्या संमतीशिवाय मिळत नसे. ही अडचण १९१४ पर्यंत टिकली. शिवाय घटस्फोट चर्चच्या हातात होता. हे ठाऊक असलं की चेकॉव्हच्या १८९९ च्या ‘कुत्रं घेऊन फिरणारी बाई’ या कथेचा शेवट वेगळा वाटतो. अ‍ॅना आणि गुरोव हॉटेलच्या खोलीत बसून यातून सुटायचं कसं याचा विचार करतात आणि गुरोव डोकं धरून ‘कसं? कसं?’ एवढंच विचारत राहतो. आजच्या वाचकाला तो भित्रेपणा वाटतो. त्या दोघांपुढे दार खरोखरच बंद होतं.

रवींद्रनाथांच्या ‘स्त्रीर पत्र’ (म्हणजे ‘बायकोचं पत्र’) या कथेतली मृणाल ज्या घरातली आहे, तशा घरच्या हिंदू बाईला तर कायदेशीर घटस्फोट हा प्रकारच नव्हता. हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये आणि मृणालने पत्र लिहिलं १९१४ मध्ये.

नवरा गेल्याची बातमी आल्यावर जिला मोकळं वाटतं, ती बाई निष्ठुर नाही का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. तो केट शोपॅनच्या ‘द स्टोरी ऑफ अ‍ॅन अवर’ या कथेबद्दल असतो. कथा जेमतेम हजार शब्दांची आहे. शोपॅनने ती १८९४ च्या एप्रिलमध्ये लिहिली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ‘व्होग’ने ‘द ड्रीम ऑफ अ‍ॅन अवर’ या नावाने छापली.

प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर घटनांचा क्रम नीट बघावा लागतो. लुईझ मॅलर्डचं हृदय नाजूक आहे, म्हणून रेल्वे अपघाताची बातमी बहीण तुटक वाक्यांत, जपून सांगते. लुईझ तिथल्या तिथे, बहिणीच्या मिठीत, ओक्साबोक्शी रडते. ते रडणं खोटं असल्याचा एकही इशारा कथेत नाही. मग ती एकटी वर जाते. उघड्या खिडकीसमोर एक ऐसपैस आरामखुर्ची आहे, तिच्यात बसते. बाहेर झाडांच्या शेंड्यांना नवी पालवी आहे, पावसाचा वास आहे, खाली रस्त्यावर फेरीवाला ओरडतोय, कुणीतरी लांब गातंय, चिमण्या आहेत. आणि तिच्याकडे काहीतरी चालून येतंय, जे ती सगळी शक्ती लावून परतवायला बघते. त्या विचाराला ती बोलावत नाही. तो येऊन थडकतो.

निष्ठुरपणाचा आरोप इथेच गळतो असं मला वाटतं. त्याचे प्रेमळ हात निपचित पडलेले पाहिले की आपण पुन्हा रडणार हे तिला ठाऊक आहे. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, कधी कधी. बऱ्याचदा नव्हतंही. हेही ती स्वतःशी कबूल करते. तिला जे दिसतं ते पुढच्या वर्षांबद्दल आहे. त्या वर्षांत आपल्या इच्छेला कुणी आपल्या इच्छेप्रमाणे वळवणार नाही. शोपॅनने इथे एक फार कडक गोष्ट सांगून ठेवली आहे: असं वळवणाऱ्याचा हेतू मायेचा असो की क्रूर, तो गुन्हाच. म्हणजे ब्रेंटली मॅलर्ड वाईट माणूस होता का, हा प्रश्न कथेने स्वतःच बाजूला सारला आहे.

आणखी एक बारकावा बघा. कथेच्या बऱ्याच भागात ती फक्त ‘मिसेस मॅलर्ड’ असते. मोकळेपणाची जाणीव होऊन गेल्यावर बहीण दाराबाहेरून हाक मारते, तेव्हा पहिल्यांदा ‘लुईझ’ हे नाव ऐकू येतं. त्यानंतर ती जिना उतरते, किल्लीने दार उघडतं आणि नवरा प्रवासाने मळलेल्या कपड्यांत, हातात बॅग आणि छत्री घेऊन आत येतो. तो अपघाताच्या जागेपासून लांब होता. लुईझ कोसळते. डॉक्टर म्हणतात, आनंदाच्या धक्क्याने गेली. खालच्या मजल्यावरच्या कुणालाही खरं कारण कधीच कळणार नाही. ते फक्त वाचकाला ठाऊक आहे.

नवरा प्रेमळ असेल तर तक्रार कशाची?

मला विचाराल तर या कथांतला खरा गाभा हाच आहे. मारणारा, दारू पिणारा नवरा रंगवणं सोपं असतं. या लेखकांनी त्याहून अवघड माणूस निवडला: काळजी घेणारा.

गिलमनच्या ‘द यलो वॉलपेपर’मधला जॉन डॉक्टर आहे. ही कथा जानेवारी १८९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड मॅगझिन’मध्ये आली. बाळंतपणानंतर बायको खचली आहे म्हणून जॉन उन्हाळ्यापुरतं मोठं घर भाड्याने घेतो. तिला खालची खोली हवी असते, गुलाबाच्या वेलींची आणि व्हरांड्यात उघडणारी. तो वरची घेतो. खिडक्यांना गज असलेली, पलंग जमिनीला खिळ्यांनी ठोकलेली. तिला चुलतभावाकडे जायचं असतं. तो म्हणतो तुला झेपणार नाही. तिला लिहायचं असतं. ते तर साफ बंद. दिवसाच्या तासातासाचं पथ्य त्याने आखून दिलेलं आहे. तो तिला उचलून पलंगावर ठेवतो, वाचून दाखवतो, लाडाने लहान मुलीसारखं हाक मारतो. या पूर्ण कथेत तो एकदाही हात उगारत नाही.

उरतो तो भिंतीवरचा पिवळा कागद. त्यातल्या नक्षीमागे तिला एक बाई दिसायला लागते, नक्षीचे गज हलवणारी. शेवटी ती कागद सोलून काढते आणि भिंतीच्या कडेकडेने रांगायला लागते. जॉन दार उघडून बघतो आणि बेशुद्ध पडतो. तिला प्रत्येक फेरीत त्याच्या अंगावरून रांगावं लागतं.

यातलं पुष्कळ काही गिलमनने भोगलेलं होतं. १८८७ मध्ये तिने मज्जाविकारांचे नामांकित डॉक्टर वीअर मिचेल यांच्याकडे ‘विश्रांती उपचार’ घेतला. घरी जाताना सल्ला मिळाला: शक्य तितकं घरगुती आयुष्य जगा, दिवसाला फक्त दोन तास बौद्धिक काम करा आणि जन्मभर लेखणी, कुंचला किंवा पेन्सिलीला हात लावू नका. सुमारे तीन महिने तिने तो पाळला आणि ती वेडाच्या उंबरठ्यापर्यंत गेली, असं तिने १९१३ मध्ये स्वतः लिहून ठेवलं. मग सल्ला फेकून देऊन ती कामाला लागली. तो सल्लाही काळजीपोटीच दिलेला होता, हे विसरू नये.

या कथा घरातल्या किरकोळ गोष्टींवर इतका वेळ का घालवतात?

कारण त्या बायकांच्या ताब्यात तेवढंच होतं. खोली कोणती, पत्र कुणाला, पैसे कुठे, दाराची किल्ली कुणाकडे. स्वातंत्र्य हा मोठा शब्द या कथांत क्वचितच येतो. तो अशा वस्तूंमध्ये शोधावा लागतो.

सुझन ग्लास्पेलची १९१७ ची ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ ही कथा तर याच गोष्टीवर उभी आहे. (तिचं नाट्यरूप ‘ट्रायफल्स’ एक वर्ष आधी रंगमंचावर आलं होतं.) एका शेतकऱ्याचा झोपेत गळा आवळून खून झालाय. बायको तुरुंगात आहे. सरकारी वकील आणि शेरीफ पुरावा शोधायला वरच्या मजल्यावर, गोठ्यात हिंडतात. स्वयंपाकघरात त्यांना बघण्यासारखं काही दिसत नाही. त्यांच्यासोबत आलेल्या दोन बायका, मिसेस हेल आणि मिसेस पीटर्स, स्वयंपाकघरातच थांबतात.

त्यांना काय काय दिसतं? फळांच्या मुरंब्याच्या बरण्या थंडीने फुटल्या आहेत. टेबल अर्धंच पुसलेलं आहे. गोधडीचे टाके एकसारखे सुरेख, आणि मग एकाच तुकड्यावर वेडेवाकडे, जणू हात थरथरत होता. मिसेस हेल ते टाके उसवून सरळ घालायला लागते, आणि पुरावा नाहीसा होतोय हे दोघींनाही कळतं. मग पक्ष्याचा पिंजरा सापडतो, दाराची बिजागरी उखडलेली. शेवटी शिवणाच्या पेटीत, रेशमी कापडात गुंडाळलेला मान मुरगळलेला कॅनरी. मिनी फॉस्टर म्हणून जी मुलगी लग्नाआधी गाणं म्हणायची, तिच्या घरात वर्षानुवर्षांच्या शांततेनंतर आलेला एवढाच एक आवाज होता.

दोघी तो पक्षी पुरुषांना दाखवत नाहीत. मिसेस हेलला त्याहून जास्त टोचतं ते दुसरंच: इतकी वर्षं मी तिच्याकडे एकदाही गेले नाही. हे वाक्य वाचताना गटात शांतता होते आणि ती व्हायलाच हवी. नवऱ्यावर सगळा दोष टाकून शेजारपाजार मोकळा होत नाही, हे ग्लास्पेलने सोडलेलं नाही.

कथेमागे खरा खटला होता. आयोवात डिसेंबर १९०० मध्ये घडलेल्या हॉसॅक खून प्रकरणाच्या बातम्या ग्लास्पेलने वार्ताहर म्हणून दिल्या होत्या. त्या खटल्याच्या ज्युरीत एकही स्त्री नव्हती, बसूच शकत नव्हती. कथेच्या नावातली ज्युरी म्हणजे स्वयंपाकघरातल्या त्या दोघी.

शेवटी या बायका मरतात नाहीतर वेड्या होतात. लेखकांना दुसरं काही सुचत नव्हतं का?

सुचत होतं. गाजलेल्या चार-दोन कथांमुळे असा समज पसरला आहे.

‘स्त्रीर पत्र’ घ्या. १९१४ मध्ये ‘सबुज पत्र’ मासिकात आलेली ही कथा म्हणजे मृणालने नवऱ्याला लिहिलेलं पत्र आहे. पंधरा वर्षांच्या संसारात तिने लिहिलेलं पहिलंच. ती घरातली मधली सून, दिसायला सुंदर, बुद्धीने तल्लख. ती लपून कविता लिहायची, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. थोरल्या जावेची अनाथ बहीण बिंदू आश्रयाला येते, सगळ्यांना जड होते आणि तिचं एका वेड्याशी लग्न लावून देतात. ती पळून येते, परत पाठवली जाते, शेवटी स्वतःला जाळून घेते. लोक म्हणतात, बायकांनी पदर पेटवून घ्यायची फॅशनच झाली आहे.

मृणाल हे सगळं पुरीहून लिहिते, समुद्राकाठून. मी मरणार आहे असं समजू नका, असं ती स्पष्ट सांगते. मीराबाईसुद्धा बाईच होती, तिच्याही साखळ्या हलक्या नव्हत्या, पण जगण्यासाठी तिला मरावं लागलं नाही, हा तिचा दाखला. तुमच्या त्या गल्लीतल्या सत्तावीस नंबरच्या घरात मी परत येणार नाही. पत्राची सुरुवात पतीच्या चरणांना वंदन करून झालेली असते आणि सही करताना ती त्याच चरणांचा आश्रय तुटल्याचं लिहिते. एका गृहस्थी घरातल्या पत्राचा रिवाज तिने शेवटच्या ओळीपर्यंत पाळला आणि त्याच ओळीत मोडला. मला ही कथा या सगळ्यांत सगळ्यात धीट वाटते.

चेकॉव्हने आयुष्याच्या शेवटी, १९०३ मध्ये, लग्न ठरलेल्या नाद्याची कथा लिहिली. भावी नवरा नवं घर हौसेने दाखवतो. भिंतीवर सोनेरी चौकटीत एक नग्न स्त्री आणि कान तुटलेली जांभळी फुलदाणी. तो म्हणतो, काय सुंदर चित्र! नाद्याला त्या क्षणी आपण इथे राहू शकत नाही हे कळून चुकतं. ती लग्न सोडून पीटर्सबर्गला शिकायला जाते आणि जिवंत राहते.

घर सोडलं, ठीक आहे. पुढे काय?

हा प्रश्न लू शुनने त्या काळीच जाहीरपणे विचारला होता. इब्सेनच्या नाटकातली नोरा घर सोडून जाते ते बघून चीनमधली तरुण मंडळी भारावली होती. लू शुनने १९२३ मध्ये बीजिंगच्या मुलींच्या नॉर्मल (म्हणजे शिक्षिका घडवणाऱ्या) कॉलेजात व्याख्यान दिलं, विषय होता: नोरा गेल्यावर तिचं काय झालं? त्याचं उत्तर कोरडं होतं. हातात पैसा नसेल तर ती एकतर बिघडेल नाहीतर परत येईल.

दोन वर्षांनी त्याने यावरच कथा लिहिली, इंग्रजीत ती ‘रिग्रेट फॉर द पास्ट’ या नावाने ओळखली जाते. त्झचुन नावाची मुलगी ठणकावून सांगते की मी माझी आहे, माझ्यावर कुणाचा हक्क नाही, आणि प्रियकराबरोबर राहायला जाते. त्याची नोकरी जाते. घरात उपासमार, आणि तो मनातल्या मनात तिलाच ओझं ठरवत जातो. एक दिवस तो प्रामाणिकपणाच्या नावाखाली सांगून टाकतो की माझं तुझ्यावर प्रेम उरलं नाही. ती बापाच्या घरी परतते आणि तिथे मरते. कथा तोच सांगतो, पश्चात्तापाने. वाचताना लक्षात येतं की स्वातंत्र्याचे धडे देणारा तो होता आणि किंमत मोजणारी ती.

जपानमध्ये हिगुची इचियोची १८९५ ची ‘जूसान्या’, म्हणजे तेरावी रात्र, याच वळणाची. ओसेकी रात्री माहेरी येते, मला फारकत मिळवून द्या म्हणते. नवरा बड्या हुद्द्यावरचा, रोज टाकून बोलणारा. आई कळवळते. बाप समजावतो: फारकत घेतलीस तर मुलगा तिकडेच राहील आणि भावाची नोकरी जावयाच्या वशिल्याची आहे. ओसेकी डोळे पुसून परत निघते. बाप तिला मारत नाही, कोंडत नाही. तो फक्त हिशेब मांडतो. हे लिहिणारी इचियो पुढच्याच वर्षी, चोविसाव्या वर्षी वारली.

म्हणजे बाई कमावती असली की प्रश्न सुटतो?

अर्धा सुटतो. कमाई तिची असते, ती खर्च करायचा हक्क तिचा असेलच असं नाही.

जॉइसची एव्हलिन (१९०४ मध्ये पहिल्यांदा छापली, पुढे ‘डब्लिनर्स’ संग्रहात आली) दुकानात काम करते. सात शिलिंग मिळतात, ते सगळे बापाच्या हातात. मग शनिवारी घरखर्चासाठी त्याच्याकडेच मागायचे आणि उधळी म्हणून बोलणी खायची. गंमत अशी, की तिच्यासाठी सुटकेची वाट म्हणजे लग्नच आहे. फ्रँकशी लग्न केलं, ब्वेनोस आयरेसला गेलं की लोक मानाने वागवतील, आईसारखी वागणूक आपल्या वाट्याला येणार नाही, असं तिला वाटतं. बंदरावर पोहोचून ती लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवते आणि जात नाही. तिची चूक की शहाणपण, यावर वाद घालत बसता येईल. माझं मत असं, की घर सांभाळीन असं मरत्या आईला दिलेलं वचन तिला फ्रँकपेक्षा जड झालं.

एव्हलिन वाचल्यावर मराठी वाचकाने विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ काढावं. १९३३ मध्ये टोपणनावाने आलेल्या या संग्रहाने खळबळ उडवली. लेखिका होत्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, कमावत्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या मुली आणि त्यांच्या कमाईवर टेकलेलं घर हा त्यातला मोठा विषय. डब्लिन आणि पुणे यांच्यात समुद्र आहेत, पण पगार आल्यावर तो कुणाच्या हातात जातो ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच निघते.

झोरा नील हर्स्टनच्या १९२६ च्या ‘स्वेट’मधली डेलिया धोबीण आहे. गोऱ्यांचे कपडे धुऊन धुऊन तिने घर उभं केलंय. नवरा साइक्स दुसरी बाई आणायच्या बेतात आहे, त्यासाठी डेलियाला हाकलायला तो घरात विषारी साप आणून ठेवतो, कपड्यांच्या टोपलीत. साप शेवटी त्यालाच चावतो. डेलियाला तो हाका मारतो, ती जात नाही. ज्यांना ही कथा वाचून डेलियाचा राग येतो त्यांनी पहिली पानं पुन्हा वाचावीत. घर माझ्या घामाचं आहे, हे ती त्याला पहिल्याच भांडणात सांगते.

‘द नेकलेस’मधल्या बाईला तिच्या हावेची शिक्षा मिळाली, एवढंच ना?

शाळेत असंच शिकवतात. पण मोपासाँने १८८४ च्या त्या कथेची सुरुवात हुंड्यापासून केली आहे. मातिल्दकडे हुंडा नाही, ओळखी नाहीत, म्हणून शिक्षण खात्यातल्या एका कारकुनाशी तिचं लग्न होऊ दिलं जातं. तिची निवड त्यात नाही. शिवाय हार हरवल्यावर नवरा-बायको दोघंही मिळून खरं सांगायचं टाळतात. छत्तीस हजार फ्रँकचा नवा हार, त्यासाठी काढलेलं कर्ज आणि दहा वर्षांची हाडं झिजवणारी मजुरी त्या लपवण्यातून येते. हार खोटा होता हे कळणं हा धक्का आहेच, पण शिक्षा फक्त तिच्या नावावर लिहिणं मला अन्याय वाटतो.

पुरुष लेखकांनी लिहिलेल्या बायका खऱ्या मानायच्या का?

लेखक पुरुष आहे म्हणून कथा बाद करू नये आणि मोठा आहे म्हणून डोळे मिटून घेऊही नये. चेकॉव्हची ‘डार्लिंग’ हे चांगलं उदाहरण. ओलेंकाचं ज्याच्यावर प्रेम बसतं त्याचीच मतं तिची होतात: नाटकवाल्याची बायको असताना नाटक, लाकूडव्यापाऱ्याची असताना लाकूड. टॉलस्टॉयला ही कथा इतकी आवडली की त्याने तिच्यावर टिपण लिहिलं. चेकॉव्ह हसायला गेला आणि नकळत आदर्श स्त्री घडवून बसला, असा त्याचा सूर. एकाच ओलेंकात टॉलस्टॉयला देवी दिसली, पुष्कळांना रिकामं घर दिसतं. माणूस एकटा पडल्यावर त्याला एकही मत उरत नाही, ही मला तरी भीषण गोष्ट वाटते.

आणि मग रवींद्रनाथांची १८९३ ची ‘शास्ति’. थोरला भाऊ भुकेच्या संतापात बायकोला कोयत्याने मारतो. धाकटा, छिदाम, भावाला वाचवायला आळ स्वतःच्या बायकोवर, चंदरावर, ढकलतो. त्याचा विचार असा: बायको गेली तर दुसरी मिळेल, भाऊ फासावर गेला तर मिळणार नाही. तिने कोर्टात काय सांगायचं तेही तो पढवतो, म्हणजे ती सुटेल. चंदरा पढवलेलं काही बोलत नाही. खून मी केला, एवढंच सांगत राहते. भाऊ-भाऊ नंतर खरं बोलतात तरी न्यायाधीश ऐकत नाही. फाशीआधी कुणाला भेटायचंय विचारल्यावर ती म्हणते, आईला. नवरा भेटायला आलाय म्हटल्यावर ती एकच शब्द बोलते: ‘मरण!’ त्यात तिरस्कार आहे, मान आहे आणि मोडलेलं प्रेमही आहे. तिच्याकडे नवऱ्याला नाकारायची दुसरी कुठली जागाच ठेवलेली नव्हती. हे एका पुरुषाने लिहिलं.

या सगळ्या कथा लग्नाच्या विरोधात आहेत का?

नाहीत. फ्रीमनची ‘द रिव्होल्ट ऑफ मदर’ (१८९०) वाचा. सारा पेनला नवऱ्याने चाळीस वर्षांपूर्वी नवं घर कबूल केलं होतं. त्या जागेवर तो आता नवा गोठा बांधतो. ती भांडत नाही. तो घोडा बघायला परगावी जातो तेव्हा ती मुलांसकट सगळं बिऱ्हाड, चूल, भांडी, पलंग, गोठ्यात हलवते. गाव जमतं, धर्मोपदेशक समजूत घालायला येतो, ती त्यालाही नमत नाही. नवरा परततो आणि रडतो. त्याला कळलेलंच नव्हतं, इतकं साधं. संसार चालूच राहतो, फक्त गोठ्यात खिडक्या आणि भिंती बसणार असतात.

त्याच लेखिकेच्या ‘अ न्यू इंग्लंड नन’मधली लुईझा एलिस मात्र चौदा वर्षं वाट पाहिलेल्या वराला शांतपणे मोकळं करते. तिला तिचं नीटनेटकं एकटेपण आवडायला लागलेलं असतं. त्यालाही दुसरी मुलगी आवडलेली असते. कुणीही दुष्ट नाही.

सुरुवात कुठून करावी?

‘द स्टोरी ऑफ अ‍ॅन अवर’पासून. दहा मिनिटांत वाचून होते आणि दोन तास बोलायला पुरते. त्यानंतर ‘द रिव्होल्ट ऑफ मदर’ घ्या, म्हणजे सगळं मरणाकडेच जातं असं वाटणार नाही. मग ‘स्त्रीर पत्र’, शक्यतो मोठ्याने, एकाच बैठकीत. ते पत्र आहे आणि कानाने ऐकायचं आहे. ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ गटात वाचायची असेल तर अर्ध्यावर थांबा आणि पुरुषांना अजून काय काय दिसलेलं नाही याची यादी सगळ्यांकडून करून घ्या. ‘द यलो वॉलपेपर’ आणि ‘शास्ति’ लागोपाठ वाचू नका, दोन्ही अंगावर येतात. नुकतंच बाळंतपण झालेल्या किंवा खचलेल्या मैत्रिणीच्या हातात ‘द यलो वॉलपेपर’ देण्याआधी तिला विषय सांगा आणि वाचायची की नाही ते तिला ठरवू द्या.